जुन्या नकाशांवरून गावाचा इतिहास कसा शोधावा: महाराष्ट्रातील नवख्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

एका तालुक्याच्या गावाचा जुना महसुली नकाशा मी पहिल्यांदा टेबलावर पसरला, तेव्हा जिथे बाजारपेठ, देवळे आणि वाडे दिसायला हवे होते, तिथे नेमकी कोरी जागा होती. चहूबाजूंची शेते बांधाबांधासकट काढलेली होती आणि गाव मात्र रिकामे होते. नक्कल अपुरी मिळाली असावी असे समजून मी पुन्हा अर्ज केला; दुसरी नक्कलही तशीच आली. नकाशा शेतसारा ठरवण्यासाठी काढलेला होता आणि गावठाणावर शेतसारा नव्हता, त्यामुळे मोजणीदाराला वेशीच्या आत शिरण्याचे काही कारणच नव्हते, हे मला फार उशिरा कळले. नकाशा कोणी, केव्हा आणि कशासाठी काढला हे विचारल्याशिवाय त्यातली एकही रेघ पुरावा म्हणून वापरू नये, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी गावाची जुनी ओळख पक्की करा

नकाशा शोधायला निघण्यापूर्वी आपले गाव शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या अमलाखाली होते हे ठरवावे लागते, कारण नकाशा कुठल्या दफ्तरात सापडेल हे त्यावरच अवलंबून असते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशाचा बराचसा भाग मुंबई इलाख्यात होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी अनेकदा उर्दूत असतात. नागपूरकडचा भाग मध्य प्रांतात होता आणि तिथे मालगुजारी पद्धत, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत, होती. वऱ्हाडात मात्र मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली. संस्थानांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्या संस्थानात मोडत असे. अशा गावाचा शोध इंग्रजी जिल्ह्याच्या कागदांत घेतला, तर हाती काही लागत नाही आणि गावाला इतिहासच नाही असा गैरसमज होतो.

तालुक्यांची नावेही बदललेली आहेत. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, बारामती नावाचा तालुका शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, कारण त्या काळी बारामती हे भिमथडी तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ मध्ये, तर लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये झाले, हेही ध्यानात असू द्यावे.

गावाच्या नावाची जितकी रूपे सुचतील तितकी एका कागदावर लिहून ठेवा. पुण्याचे ‘पूना’ आणि खडकीचे ‘किरकी’ झाले, तसे लहान गावांचेही झाले आहे. बुद्रुक आणि खुर्द या जोडगावांत तर हमखास घोटाळा होतो. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे खरे. पण हा मान ज्या काळी नावे पडली त्या काळचा आहे. आज खुर्द मोठे आणि बुद्रुक लहान असे अनेक ठिकाणी दिसते, म्हणून आकारावरून अंदाज बांधू नये.

२. कोणकोणते नकाशे असतात ते समजून घ्या

नवख्या माणसाला सर्वाधिक उपयोगी पडणारे नकाशे मुख्यतः दोन घराण्यांतले आहेत. एक महसुली आणि दुसरे सर्वे ऑफ इंडियाचे.

महसुली घराण्याची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली. आधीच्या प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोजणीचे दर रयतेला पेलवले नाहीत, तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे नव्याने मोजणी व आकारणी हाती घेतली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के केले आणि पुढे ती इलाखाभर लागू झाली. आकारणी साधारणपणे ३० वर्षांसाठी असे, त्यानंतर फेरआकारणी होई. म्हणूनच एकाच गावाचे दोन-तीन वेगवेगळ्या पिढ्यांचे कागद मिळण्याची शक्यता असते. गाव नकाशा हा यातला मुख्य कागद. त्याच्या पोटात टिपण, म्हणजे प्रत्येक शेताचे मोजमापासह काढलेले रेखाचित्र, फाळणी नकाशे, म्हणजे शेताच्या पोटविभागांचे नकाशे, आणि आकारबंद, म्हणजे प्रत्येक नंबराचे क्षेत्र व सारा यांची नोंद, असतात.

दुसरे घराणे सर्वे ऑफ इंडियाचे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे स्थलदर्शक नकाशे जमिनीचा चढउतार, ओढे, रस्ते, देवळे आणि विहिरी दाखवतात. जुनी मालिका एक इंचास एक मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणाची आहे आणि दशमान पद्धत आल्यानंतरची १:५०,००० ची. त्यात शेताचा बांध दिसणार नाही, पण गावाबाहेरची ईदगाह किंवा पडकी गढी दिसू शकेल.

यांखेरीज शहरवजा गावांत नगर भूमापनाचे नकाशे असतात आणि कोऱ्या गावठाणाचे उत्तर तिथेच मिळते. त्यात घराघराला क्रमांक असतो आणि सोबतच्या चौकशी नोंदवहीत त्या वेळच्या धारकाचे नाव व हक्काचा प्रकार लिहिलेला असतो. ज्या गावांत नगर भूमापन झालेलेच नाही, तिथे २०२० नंतर स्वामित्व योजनेत ड्रोनने केलेली मोजणी आधार म्हणून घ्यावी. ती जुनी नसली तरी गल्ल्यांची ठेवण तीत नेमकी उतरलेली असते.

३. नकाशे मिळवा

गाव नकाशा, टिपण आणि फाळणी यांच्या नकला तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतात. जाण्यापूर्वी ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर शोध घ्यावा, कारण बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद तिथे स्कॅन करून ठेवलेले आहेत. आजचे गट ‘महाभूनकाशा’वर पाहता येतात. कार्यालयात जाताना पुढील गोष्टी सोबत असाव्यात:

- गावाचे नाव, तालुका आणि जिल्हा यांची आजची व जुनी रूपे
- ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत
- हव्या असलेल्या कागदाचे नेमके नाव लिहिलेला अर्ज
- आजचा सातबारा आणि गट क्रमांक, आणि माहीत असल्यास जुना सर्वे नंबर
- एकत्रीकरण योजनेचा (विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे गट पाडण्याच्या योजनेचा) उतारा मिळाला असल्यास तो

अर्जात ‘गावाचा जुना नकाशा’ असे मोघम लिहू नये. तसे लिहिले की सर्वांत सहज हाताशी असलेला, म्हणजे बहुधा एकत्रीकरणानंतरचा गट नकाशा मिळतो. ‘मूळ मोजणीचा गाव नकाशा’ किंवा ‘सर्वे नंबर अमुकचे टिपण’ असे स्पष्ट लिहावे. इतिहासासाठी हवे आहे असे सांगितल्यावर टेबलापलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित संशय उमटतो, कारण तिथे येणारा बहुतेक प्रत्येक जण बांधाच्या भांडणासाठी येत असतो. शांतपणे हेतू सांगावा, आणि घाईचा दिवस असेल तर दुसऱ्या दिवशी जावे.

सर्वे ऑफ इंडियाचे आजचे खुले नकाशे त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून उतरवून घेता येतात. जुन्यांसाठी सोपा रस्ता म्हणजे अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० ची ‘यू ५०२’ मालिका. ती मुख्यतः सर्वे ऑफ इंडियाच्या कामावरून तयार केलेली असून ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहे. प्रमाण लहान असल्यामुळे गावाचा तपशील तीत मिळत नाही, परंतु रस्ते, रेल्वे आणि आज धरणाखाली असलेली गावे कळतात. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटिअरांतही जिल्ह्याचा नकाशा असतो आणि मजकुरात आठवडी बाजार, घाट, जुने रस्ते यांची माहिती असते. पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, हे पुढच्या टप्प्याचे काम आहे. मोडी वाचता येत नसेल तर तिथे पहिल्याच महिन्यात जाऊन उपयोग होत नाही.

सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचे क्रमांक एकदा समजले की हवा तो नकाशा मागणे सोपे जाते. चार अंशांच्या मोठ्या चौकोनाला आकडा, त्यातल्या एक अंशाच्या १६ भागांना इंग्रजी अक्षरे आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा १६ तुकड्यांना आकडे अशी ती रचना आहे. पुणे शहर ‘४७ एफ/१४’ मध्ये येते. अक्षरे आणि आकडे डावीकडच्या स्तंभात वरून खाली उतरतात आणि मग उजवीकडच्या स्तंभात पुन्हा वरून सुरू होतात; ओळीने डावीकडून उजवीकडे मोजले तर शेजारच्या तालुक्याचा नकाशा हाती येतो.

४. चित्र पाहण्याआधी समास वाचा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि मीही टाळली होती. एका नकाशाच्या तळाशी छापील वर्ष पाहून मी गावातला एक रस्ता त्या वर्षी अस्तित्वात होता असे ठामपणे लिहून ठेवले. नंतर समासात बारीक अक्षरांत दिसले की मूळ मोजणी त्याच्या किती तरी आधीची होती आणि पुनर्मुद्रणाच्या वेळी फक्त मुख्य रस्ते दुरुस्त करून भरले होते. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ होते: ओढे आणि वस्त्या पहिल्या काळातल्या आणि रस्ता दुसऱ्या काळातला.

म्हणून प्रत्येक नकाशासाठी मोजणीचे वर्ष, छपाईचे वर्ष, दुरुस्तीची नोंद, प्रमाण, उत्तर दिशा आणि मोजणी करणाऱ्या खात्याचे नाव वहीत उतरवून घ्यावे. महसुली नकाशावर प्रमाण साखळ्यांत दिलेले असेल तर विशेष सावध राहावे. इंग्रजी गुंटर साखळी ६६ फुटांची असते, पण मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. चुकीची साखळी धरली की प्रत्येक अंतर दुप्पट होते. गुंठ्याचे पुन्हा १६ आणे होतात; टिपणावर आणे दिसले तर ते पैसे समजू नयेत.

नकाशाची नक्कल किंवा स्कॅन मूळ आकाराचा आहे असेही गृहीत धरू नये. छायाप्रत काढताना कागद लहानमोठा होतो, त्यामुळे ‘एक इंचास इतके’ हे लिखित प्रमाण त्या प्रतीवर लागू पडत नाही; नकाशावर काढलेली प्रमाणपट्टी असेल तर तीच वापरावी, कारण ती कागदाबरोबरच ताणली किंवा आकसली जाते.

५. गाव नकाशा रेघेरेघेने वाचा

पहिल्या नजरेत सर्वे नंबरांचे जाळे गोंधळाचे वाटते. आरंभीच्या मोजणीत एका बैलजोडीला कसता येईल एवढे शेत हा सर्वे नंबराच्या आकाराचा आधार होता, ही एक गोष्ट मनात ठेवली की नकाशा बोलू लागतो. जिथे नंबर लहान आणि दाटीवाटीचे आहेत तिथे बहुधा चांगली, बागायती किंवा गावाजवळची जमीन सापडते. जिथे एकच नंबर मोठा पसरलेला आहे तिथे माळ, डोंगर किंवा गायरान असते. हा नियम म्हणून नव्हे, तर आकारबंदाशी पडताळून पाहण्यासाठीचा पहिला अंदाज म्हणून घ्यावा.

त्यानंतर वाटा पाहाव्यात. गाडीवाट आणि पाऊलवाट वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. गावठाणातून बाहेर पडणाऱ्या सर्व वाटा रंगीत पेन्सिलने गिरवा आणि त्या कुठल्या गावाकडे जातात ते शिवेवर लिहिलेल्या नावांवरून शोधा. आज मुख्य असलेला डांबरी रस्ता त्यांत अनेकदा नसतोच. जुन्या वाटा ज्या ठिकाणी गावठाणाला भिडतात तिथे वेस असण्याची शक्यता असते, आणि वेस पडून गेली असली तरी त्या जागेचे नाव लोकांच्या तोंडी टिकलेले असते. दोन शेतांमधून जाणारी पांदण तर आजही तशीच सापडू शकते, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या बांधांना हलवणे कोणालाच सोपे नसते.

गावठाणाच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. आपले जुने लोक शिवाराची काळी आणि वस्तीची पांढरी असा भेद करत आले. गावठाणापासून दूर, शेतांच्या मधोमध लहानसा वेगळा तुकडा गावठाण म्हणून दाखवलेला असेल, किंवा एखाद्या शेताला ‘पांढरी’ असे नाव असेल, तर तिथे पूर्वी वस्ती होती का याचा शोध घेण्यासारखा असतो. पूर, रोगराई, दुष्काळ किंवा लूटमार यांमुळे गावे उठून दुसरीकडे वसल्याची उदाहरणे आपल्याकडे भरपूर आहेत. मात्र अशा ठिकाणी खणू नये. खापरे दिसली तर जागेवर ठेवून छायाचित्र घ्यावे.

सर्वांत मोठा सापळा गट क्रमांकांचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार ज्या गावांत योजना झाली, तिथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्वे नंबर १४ आणि आजचा गट १४ यांचा परस्परांशी काही संबंध असेलच असे नाही. मी या दोन आकड्यांची सांगड घालण्यात काही आठवडे वाया घालवले. एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात जुना नंबर आणि नवा गट शेजारी दिलेले असतात. तो मिळेपर्यंत एकाही शेताचे नाव पुढच्या नकाशावर नेऊ नये.

६. स्थलदर्शक नकाशातून आजूबाजूचा मुलूख पाहा

या नकाशांत तांबड्या रंगात वस्त्या व रस्ते, निळ्यात पाणी, हिरव्यात झाडी, पिवळ्यात लागवड आणि तपकिरीत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असतात. कोरडे पात्र काळ्या रेघेने दाखवलेले असल्यामुळे ओढ्याला बारमाही पाणी होते की नव्हते, हेही समजते. लहानशा त्रिकोणाजवळचा आकडा म्हणजे त्रिकोणमितीच्या मोजणीने ठरवलेली उंची. डाक बंगला, टपाल कचेरी, पोलीस ठाणे ही इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली असतात आणि त्यांच्यावरून ते ठिकाण सरकारच्या लेखी किती महत्त्वाचे होते हे ताडता येते.

एक बदल मात्र या नकाशांइतका स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही, आणि तो म्हणजे धरणांचा. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात गेले. पाणी उतरले की तिथले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याच्या आधीच्या मोजणीचा नकाशा काढला तर भीमेचे मूळ पात्र, काठची गावे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एकत्र दिसतात. आज एखादा रस्ता कारण नसताना पाण्यापाशी येऊन संपतो, तो कुठे जात होता याचे उत्तर त्या नकाशात असते. रेल्वेचेही तसेच आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यानंतर जुन्या मार्गाचा जो भाग सुटला असेल तो जुन्या-नव्या नकाशांच्या तुलनेतून शोधता येतो.

७. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवा

यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यातील जिओरेफरन्सर हे साधन उघडून स्कॅन केलेला नकाशा घ्यायचा, त्यावरचा एक बिंदू आणि उपग्रहचित्रावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या आणि सॉफ्टवेअर नकाशा फिरवून, ताणून जागेवर बसवते. साध्या रूपांतरणाला तीन जोड्या पुरतात असे म्हणतात, पण मी किमान आठ-दहा घेतो आणि त्या नकाशाभर पसरलेल्या ठेवतो. सगळ्या जोड्या गावठाणाजवळ घेतल्या तर शिवेकडचा भाग वेडावाकडा सरकतो.

बिंदू निवडताना न हलणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: जुने दगडी देऊळ, टेकडीचा माथा, जुना पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. नदीचे वळण, ओढ्याचा संगम आणि रस्त्याचा चौक शक्यतो टाळावा. शिवेचा त्रिकूट बिंदू उपग्रहचित्रात दिसत नसला तरी महाभूनकाशावर सापडतो. जुने सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे पृथ्वीचा आकार मांडणाऱ्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत आणि आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या मांडणीवर. त्यामुळे नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले तर संपूर्ण नकाशा एका बाजूला सरकलेला दिसतो. प्रत्यक्ष खुणांच्या जोड्या वापरल्यास ही अडचण बरीच कमी होते.

असा बसवलेला नकाशा म्हणजे शासकीय मोजणी नव्हे. शेजाऱ्याचा बांध सरकला की नाही हे त्यावरून ठरवायला जाऊ नये आणि कोणी तसा आग्रह धरला तर नकाशा मिटून ठेवावा. मला एकदा ऐन पारावर तो मिटावा लागला आहे.

८. नकाशा घेऊन शिवारात जा

पिके निघाल्यानंतरचा, उन्हे फार चढण्याआधीचा काळ उत्तम. फोनवर बसवलेला नकाशा, छापील प्रत, पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. सोबत गावातले एखादे जाणते आजोबा किंवा आजी असतील तर नकाशावर नसलेली नावे कळतात, कारण मोजणीदाराने नंबर लिहिला आणि लोकांनी मात्र त्या शेताला चिंचेचा मळा किंवा देवाची पट्टी असेच म्हटले. विचारताना आपले उत्तर आधी सांगू नये. ‘इथे वेस होती ना?’ असे विचारले की समोरचा माणूस मान राखण्यासाठी हो म्हणतो. ‘इकडून गावात कसे येत असत?’ असे विचारावे.

देवस्थान इनाम, पाटीलकी, महारवतन अशा वतनी जमिनींची चौकशी करताना शब्द जपून वापरावेत. त्या जमिनींमागे अनेक कुटुंबांचे जुने अन्याय आणि चालू दावे असतात. नकाशावर सहज दिसलेले नाव चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवणे योग्य नाही.

९. नोंद अशी ठेवा की दुसऱ्याला तपासता यावी

प्रत्येक निष्कर्षासमोर तीन रकाने करावेत: कोणत्या नकाशावर दिसले, त्या नकाशाच्या मोजणीचे वर्ष कोणते, आणि जागेवर काय आढळले. तिन्ही जुळले तर शाईने लिहावे. दोनच जुळले तर पेन्सिलने. एखादी वस्तू नकाशावर नसेल तर ‘नव्हती’ असे न लिहिता ‘या नकाशात दाखवलेली नाही’ असे लिहावे, कारण मोजणीदाराला ती दाखवण्याची गरज होती का, हा प्रश्न तोपर्यंत सुटलेला नसतो. स्कॅनच्या फाइलला गाव, नकाशाचा प्रकार आणि मोजणीचे वर्ष असे नाव द्यावे, मूळ स्कॅनला हात न लावता प्रतीवर काम करावे, आणि काम एका टप्प्यावर आले की नकाशांचा एक छापील संच गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवावा. चुका दाखवायला लोक तिथेच येतात.